ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मॉन्टानात ट्राउटसाठी जातोय. फोमचा हॉपर (नाकतोड्यासारखी फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेला नकली किडा) बांधायला कोणत्या रंगाचा फोम घ्यावा? दोन-चार कास्टनंतर फोम गळाभोवती फिरतो.

टॅन घ्या. म्हणजे वाळलेल्या गवताचा रंग. पिवळा चालतो, हिरवा जुलैच्या सुरुवातीला. रंगाचं झालं. माशाला खालून पोट आणि पाय दिसतात, पाठीचा रंग फक्त विकत घेणाऱ्याला दिसतो.

तुमचा खरा घोटाळा प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत आहे: ‘दोन-चार कास्टनंतर फोम गळाभोवती फिरतो.’ हे रंगाने सुटणार नाही. गुळगुळीत दांडीवर फोम बांधला की तो फिरणारच. आधी गळाच्या डोळ्यामागे (दोरी बांधायच्या कडीमागे) दोन मिमी जागा सोडून गळाच्या वाकापर्यंत दोरा गुंडाळा, मग तिरपे वेढे घेत परत या. पृष्ठभाग खरखरीत व्हायला हवा. त्यावर टॅन डबिंगचा (दोऱ्यावर पिळायच्या लोकरीसारख्या तंतूंचा) अगदी पातळ थर. जाड केलात तर तोच फोमखाली घसरतो. फोम ठेवण्याच्या क्षणी बांधायच्या जागी सुपरग्लूचा एक बारीक थेंब, तोही दांडीवर. फोमच्या पाठीवर लावलात तर फोम कडक होतो आणि तिथेच तडकतो.

दोरा 140 डेनियर (जाडीचं माप). बॉबिन (दोऱ्याची रीळ धरायचं साधन) उलटी फिरवून पीळ काढा, म्हणजे दोरा चपटा बसतो. पिळाचा दोरा फोम सुरीसारखा कापतो. जीएसपी, म्हणजे पॉलिथिलीनचा अतिमजबूत दोरा, तर नकोच. पहिले दोन वेढे सैल, फोम दबला की तिसरा-चौथा ताणून. पुढच्या खाचेकडे जाताना दोरा फोमवरून नेऊ नका, फोम उचलून खालून दांडीवरून न्या. पोटाखालच्या वेढ्यांवर शेवटी आणखी एक थेंब.

गळ 8 किंवा 10 नंबर, लांब दांडीचा. फोम 2 मिमीचा, 8 नंबरला दोन थर चिकटवून, त्याहून लहान 12 नंबरला एकच. पट्टीची रुंदी गळाच्या टोकापासून दांडीपर्यंतच्या जागेइतकी, त्याहून जास्त नाही. आणि फोम दांडीच्या वरच राहू द्या. खाली उतरला की ती जागा बुजते, मासा तोंड मारतो आणि गळ लागत नाही. मग लोक म्हणतात, मासे चोखंदळ आहेत!

पंखाला एल्कचे (मोठ्या हरणाचे) केस काडीपेटीच्या काडीएवढ्या जुडीत. पाय रबराचे, एक गाठ मारून; गुडघा वाकाच्या जवळ यावा, त्यामागे फार लोंबला तर गळात अडकतो. दोन्ही पाय अगदी एका उंचीवर, नाहीतर फ्लाय कुशीवर पडते. वर नारिंगी फोमचा तुकडा तुमच्या डोळ्यांसाठी.

आता ज्यांना फोम म्हणजे ‘चपलेचा तुकडा’ वाटतो त्यांच्याविषयी. हो, चपलेचाच. ईव्हीए आहे, स्टेशनरीच्या दुकानात शाळेच्या प्रोजेक्टसाठी मिळतो तोच. अमेरिकी फ्लाय बांधणारे डेव्ह व्हिटलॉक यांचा डेव्हज हॉपर सुंदर दिसतो, पण हरणाच्या केसांचं ते डोकं रचून कातरायला जो वेळ जातो त्यात फोमचे दोन-तीन होतात. दोन माशांचा चिकट बुळबुळीतपणा लागला की केस पाणी धरतात. फोमच्या बंद पेशींत पाणी शिरत नाही, पिळून पुन्हा टाकायचा. शिवाय केसांच्या हॉपरखाली 45 सेंमीवर जड निंफ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) लटकवून बघा, किती वेळ तरंगतो ते. ‘ही खरी बांधणी नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा असा बांधून दाखवावा, जो फिरत नाही आणि सरळ पडतो.

एक मात्र त्यांचं बरोबर आहे: केसांचा हॉपर पाण्यात खोल बसतो, खऱ्या नाकतोड्यासारखा. फोमचा नुसता वरच्या वर तरंगत असेल तर एक थर कमी करा. संथ, नितळ पाण्यात मीही केसांचाच लावतो.

टिपेट (फ्लाय बांधायचा दोरीचा शेवटचा बारीक भाग) 3एक्स. त्याहून बारीक 5एक्सवर एवढी फ्लाय वाऱ्यात गरगरते आणि लीडरला, म्हणजे टिपेटच्या मागच्या निमुळत्या दोरीला, पीळ पडतो.

आणि हो, मॉन्टानात पाणी तापलं की काही नद्यांवर दुपारी 2 ते मध्यरात्र मासेमारी बंद ठेवतात. त्याला ‘हूट आउल’ म्हणतात. निघण्याआधी तुमच्या नदीचं नाव त्या यादीत आहे का बघा. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर बंदी नसली तरी थांबा, सोडलेला ट्राउट जगण्याची शक्यता घटते. पंचाईत अशी की नाकतोडे ऊन चढल्यावरच उडतात. त्यामुळे बंदी असेल तर तुमच्या हाती साधारण 11 ते 2 एवढाच वेळ राहतो; काठाच्या गवतापासून हातभर अंतरात टाका.