आधी कर्ण मोज

बाळा, खानापूरहून रोज बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत येतोस, हात चांगला आहे तुझा. पण टाइलची कड गुळगुळीत दिसली म्हणून खूश होऊ नकोस. आधी दोन्ही कर्ण टेपनं मोज. भट्टीत टाइल आक्रसते, सगळीकडे सारखी नाही, म्हणून स्क्वेअरिंग, म्हणजे कडा घासून टाइल काटकोनात आणणं, लागतं. समोरासमोरच्या दोन कडा डायमंड व्हीलनं, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या चाकानं घासल्या की टाइल नव्वद अंशात वळवून उरलेल्या दोन. ते वळवणं तिरकं झालं तर लांबी-रुंदी बरोबर भरते, दोन्ही कर्ण मात्र सारखे भरत नाहीत. मी एकदा न मोजता अख्खा हॉल लावला. दाराशी सांधा बोटभर फाकला.

कडेची खपली उडतेय? व्हील बोथट झालंय, ड्रेस कर, म्हणजे घासून परत धार आण; दाब वाढवू नकोस. आणि कोरडं घासताना मास्क काढायचाच नाही. ती सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही रे.