चार मिनिटे न जिरलेला थेंब

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. गणितात गुण कमी पडतात, तरी ती रोज निलगिरीखालची वाळलेली माती बशीत घेऊन ड्रॉपरने पाण्याचे थेंब टाकते आणि वेळ मोजत बसते. कोरडी माती पाणी पिणारच, त्यात पाहायचे काय? शेवटी मी ती माती फेकून दिली. तिला संगणक अभियांत्रिकीकडे कसे वळवावे? – एक पालक

उत्तर : तिच्या गुणांपेक्षा ‘मी ती माती फेकून दिली’ या वाक्याने मी अधिक अस्वस्थ झालो. तिच्या ‘रिकामपणाचा’ पुरावा म्हणून तुम्ही जोडलेले वहीचे पान मी दोनदा वाचले. त्यात ‘4 मिनिटे, थेंब अजून गोल’ अशी एक नोंद आहे आणि तिच्याखाली तुम्ही तांबडी रेघ ओढली आहे.

चूक त्या नोंदीत नाही, तुमच्या समजुतीत आहे. वनस्पती आणि बुरशी यांच्यापासून आलेल्या मेणचट सेंद्रिय पदार्थांचा पातळ लेप मातीच्या कणांवर बसला, की थेंब पसरत नाही, मण्यासारखा उभा राहतो, आणि उतार असेल तर मातीचे कण अंगाला लावून घेत घरंगळतो. माती वाळली की हा गुण बहुधा वाढतो आणि पुरेशी ओल मिळाली की मावळतो, म्हणजे तुमच्या विधानाच्या नेमके उलट. मृदाशास्त्रज्ञही हीच चाचणी करतात : थेंब 5 सेकंदांत जिरला नाही तर माती पाणी झिडकारणारी मानली जाते, आणि 60 ते 600 सेकंद लागले तर हा गुण तीव्र समजतात. तुमच्या मुलीचा थेंब 240 सेकंदांनंतरही शाबूत होता. वणव्यानंतर जळालेल्या पाचोळ्याची वाफ खालच्या थंड थरात गोठून असाच लेप तयार होऊ शकतो. मग पाऊस मुरण्याऐवजी माती घेऊन उतारावरून वाहतो.

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, कृषी किंवा स्थापत्य अभियांत्रिकी यांपैकी कोणत्याही पदवीतून या विषयाकडे जाता येते. गणित मात्र तिला सुधारावेच लागेल, कारण थेंबाचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड जिथे मातीला टेकते तिथे पाण्याच्या आत होणारा कोन, 90 अंशांपलीकडे का जातो, हे नुसत्या निरीक्षणाने उलगडत नाही.

तिला कसे वळवावे, हे मी सांगणार नाही. बशी परत द्या आणि पुढचे पत्र तिलाच लिहू द्या. तिच्या कामातही एक उणीव आहे : प्रत्येक जागी तिने एकच थेंब टाकला आहे, निदान दहा टाकून पाहायला हवेत.