नदीकाठी घर घेतलंय? मग विम्याचं आधी बघा

निपाणी-चिकोडी पट्ट्यात घर घेतलंत, आनंद आहे. पण ‘नदी लांब आहे’ यावर विसंबू नका. वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा, सगळ्यांचं पाणी वरून, सह्याद्रीतून येतं. आपल्याकडं ऊन असलं तरी राधानगरी, काळम्मावाडी, कोयना धरणांचा विसर्ग वाढला की इथं पाणी चढतं. नाल्यातून फुगवटा उलटा येतो तो वेगळाच. शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा, २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पाणी कुठवर आलं होतं. जुन्या भिंतीवरची पुराच्या ओलीची रेघ स्वतः बघा, जोत्याची उंची तिच्याशी ताडा.

आता विमा. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२१ पासून आहे, पुराचं नुकसान तिच्यात येतं. रक्कम ठरवताना जागेची किंमत धरू नका, घर पुन्हा बांधायचा खर्च धरा. भिंती मातीच्या असतील तर अर्जात तसंच लिहा, लपवलंत तर दाव्याच्या वेळी अडाल. कर्ज असेल तर बँकेनं काढलेल्या विम्याचा कागद मागून वाचा. पुष्कळदा त्यात घरातलं सामान नसतं.

हे सगळं मृगाआधी उरका. पाणी उंबऱ्याला लागल्यावर कोण विमा देणार?

पूर ओसरला की घाई करून चिखल धुऊ नका. आधी फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा. भिजलेली गादी, फ्रिज कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) बघेपर्यंत अंगणातच राहू द्या. पंचनामा सरकारी मदतीसाठी वेगळा करून घ्या, त्याची प्रतही जपा.