नवऱ्याकडून पोहायला शिकू नकोस

प्रश्न : ताई, येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला चार वर्षं होतील. या वेळी रिसॉर्ट नको म्हणून संगमेश्वर तालुक्यात माझ्या आत्याकडे जातो आहोत. तिच्या घरापासून अर्ध्या तासाच्या चालीवर रानात एक डोह आहे. एक अख्खा दिवस तिथं पोहायचं, डबा खायचा आणि उन्हं उतरली की परतायचं, असा बेत आहे. नवरा साताऱ्याकडचा, विहिरीत उड्या मारत मोठा झालेला. मला मात्र पोहता येत नाही. तो म्हणतो, ‘मी आहे ना, एका दिवसात शिकवतो.’ आत्या म्हणते, डोहात आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, आहेत, लेकीसुनांनी उतरू नये. सासूबाईंना वेगळीच काळजी, तिथं घालणार काय? जावं की नाही?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जा गं, खुशाल जा. आत्याचं अर्धं ऐक, सासूबाईंना काय सांगायचं ते पुढं लिहिते. नवऱ्याचं ते ‘एका दिवसात शिकवतो’ तेवढं मात्र अजिबात ऐकू नकोस.

आमच्यात हे उलटं होतं. मी देवरुखजवळच्या खेड्यातली, घरच्या बावीत पोहायला शिकलेली. आमचे हे सांगोल्याकडचे. १९७२च्या दुष्काळात, शाळेत जायच्या वयात रस्त्याच्या कामावर खडी फोडलेला माणूस. त्यांच्या लेखी पाणी म्हणजे कळशीत असतं ते. १९८४च्या मे महिन्यात आम्ही माझ्या माहेरी गेलो, आणि मलाही तुझ्या नवऱ्यासारखीच हौस आली, की यांना डोहावर न्यावं आणि पोहायला शिकवावं.

सकाळी साडेसातला निघालो. बरोबर दडपे पोहे, कोकम सरबताची बाटली आणि कापडी पिशवीत रायवळ आंबे. तुला ठाऊक असेल, मे महिन्यात आमच्याकडचे पऱ्हे, म्हणजे ओढे, नुसते पांढऱ्या गोट्यांचे होतात. पाणी उरतं ते फक्त कोंडीत, म्हणजे जिथं कातळ खोल खणला गेलाय तिथं. ऊन डोक्यावर घेत गोट्यांवरून चालायचं आणि एका वळणावर उंबर-जांभळाच्या गच्च सावलीत एकदम काळंशार, थंड पाणी. वर पाणनिवळ्या धावताहेत. पाय सोडून बसलं की बोटाएवढे मासे येऊन टाचा कुरतडतात. हे पहिल्यांदा ओरडले ते त्या माशांना.

मग मी शिकवणी सुरू केली. छातीएवढ्या पाण्यात उभी राहून यांच्या पोटाखाली हात धरला आणि म्हटलं, ‘पाय हलवा.’ हे पाय सोडून सगळं हलवीत. मी आवाज चढवला. यांनी घाबरून माझ्या गळ्याला मिठी मारली आणि आम्ही दोघं पाण्याखाली. नाकातोंडात पाणी गेलं, खोकत वर आले आणि मी यांच्या गावचा, तिथल्या टँकरचा आणि अख्ख्या माणदेशाचा उद्धार केला. हे एका कातळावर जाऊन बसले. तासभर शब्द नाही.

शिकवणाऱ्याला राग येऊन चालत नाही आणि शिकणाऱ्याला लाज वाटून चालत नाही. नवराबायकोत दोन्ही आधीपासूनच पाण्यात उतरून बसलेली असतात.

यांना शेवटी तरंगायला शिकवलं ते बारा-तेरा वर्षांच्या एका गुराख्यानं. गुरं खालच्या डबक्यावर सोडून तो वर आला, आमचा तमाशा थोडा वेळ बघितला आणि करवंदीच्या जाळीत पोरांनी लपवून ठेवलेले दोन सुके असोले, म्हणजे न सोललेले, नारळ काढून आणले. सोडणाच्याच दोरीनं एकमेकांना बांधलेले. ते यांच्या छातीखाली दिले. (तुझ्या नवऱ्याला विचार, त्यांच्याकडे पांगाऱ्याचा बिंडा किंवा पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधत असतील.) थोड्या वेळानं नारळ काढून घेतले आणि यांना उताणं केलं. म्हणाला, ‘काका, पान्याला मिठी नुको मारू. पान्यावं निजा.’ अर्ध्या तासात हे निजले. पोरगा एकदाही हसला नाही की चिडला नाही.

तेव्हा तू असं कर. मे यायला अजून वेळ आहे. ठाण्यात पोहण्याचे तलाव आहेत, उन्हाळी वर्ग असतात, बायकांची वेगळी वेळ असते. तिथं जा आणि सगळ्यात आधी उताणं तरंगायला शिक. हातपाय मारणं नंतर. छाती भरून श्वास, हनुवटी आभाळाकडे, आणि कान पाण्यात बुडू द्यायचे. कान बुडायची भीती वाटते म्हणून माणूस मान उचलतो, मान उचलली की कंबर खाली जाते. एवढं साधलं की डोहात तू नवऱ्याची जोखीम उरत नाहीस. नाहीच साधलं, तर कमरेएवढ्या पाण्यात बस, मासे टाचा कुरतडतील ते कुरतडू दे. तेवढ्यासाठीही जाणं फुकट नाही.

आणि ‘मी आहे ना’ याबद्दल. पोहता येणं वेगळं आणि बुडत्याला काढता येणं वेगळं. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हाका मारत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, ओरडायला श्वासच नसतो. जो जवळ जाईल त्याच्या तो गळ्यात पडतो. मी छातीएवढ्या पाण्यात, चांगली पोहणारी, तरी गेलेच ना खाली? म्हणून पाच लिटरचा रिकामा कॅन, बूच घट्ट लावून, त्याला पंधरा हात सुंभाची नाहीतर नायलॉनची दोरी बांधून काठावर ठेवा. उडी न मारता तो फेकायचा. एक लांब बांबूही हाताशी असू दे. मोबाइलला रेंज कुठल्या वळणापर्यंत आहे ते जाताना बघून ठेवा.

बांबूचा दुसरा उपयोग खोली बघायला. डोहाचं पाणी स्वच्छ असतं, तळाचे गोटे दिसतात, आणि इथंच विहिरीत वाढलेला गडी फसतो. काठावरून सरळ खाली पाहिलं तरी खोली पाऊणपटच दिसते. बारा फुटांचं पाणी नऊ फुटांचं वाटतं, आणि तिरकं पाहिलं तर त्याहून कमी. शिवाय गेल्या पावसाळ्यात वाहून आलेलं खोड कुठं अडकलंय ते गावातल्या पोरांना ठाऊक, तुम्हाला नाही. नवऱ्याला सांग, उडी नाही म्हणजे नाही. वरचं हातभर पाणी उन्हानं कोमट असतं आणि पायाखाली एकदम गार लागतं, त्यानं दम कोंडतो, पायाला गोळा येतो. हळूहळू उतरायचं. बिअरच्या बाटल्या घरी ठेवा, नवऱ्याला माझं नाव सांग.

आता आत्या. साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. काठावर शेंदूर लावलेले सात दगड दिसतील, कुणी खण-नारळ ठेवलेला असेल. मी स्वतः आसरा पाहिल्या नाहीत. पण आसरा ज्या डोहात सांगतात ते डोह बघ, एक तर अथांग असतात नाहीतर आत कपारी असतात. आमच्या गावात दोन कोंडी होत्या. एकीत आम्ही पोरी दिवसभर डुंबायचो आणि कुणी काही बोलत नसे. दुसरीचं नाव काढलं तरी आजी कान धरायची. तेव्हा आत्याला एवढंच विचार की याच डोहात का, आणि लेकीसुनाच का? तिच्या लहानपणी तिथं कुणी बुडालं असेल तर ते कळेल. डोह देवराईतला असेल तर गुरवाला विचारल्याशिवाय पाय बुडवू नका. महाडकडे वाळणकोंडीतले मोठमोठे मासे वरदायिनी देवीचे म्हणून कुणी धरत नाही, आणि म्हणूनच ते आजही दिसतात. असल्या जागी पोहायचं नसतं. बघायचं, कुरमुरे टाकायचे आणि यायचं.

कपड्यांचं सासूबाईंना असं सांग, की अंगाला बसणारे, लवकर वाळणारे कपडे. लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट पुरे. गाऊन, ओढणी, सुती पंजाबी ड्रेस नको, पाणी भरून जड होतात आणि पायात अडकतात. माझी आई नऊवारीचा काष्टा मारून पोहायची, पाय मोकळे असत. गोल साडी आल्यावर आमच्याकडच्या बायकांचं पोहणं सुटलं, असं मला वाटतं. त्यात लाजेपेक्षा साडीचा दोष जास्त.

बारीकसारीक: पायाला जखम असेल तर उतरू नका, गुरं बसतात त्या डबक्यात तर नाहीच. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना डोहात पोहल्याचं आपणहून सांगा, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप तिथूनही येतो. पाण्यात मेलेले मासे तरंगत असतील तर मागं फिरा. मासे धरायला ब्लिचिंग पावडर टाकणारे दिवटे आहेत. दिवड, म्हणजे पाण्यातला साप, दिसेल, ती बिनविषारी, तिला तिच्या वाटेनं जाऊ द्या. आणि वरच्या डोंगरावर वळवाचा गडगडाट ऐकू आला की, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी, ताबडतोब वर या. चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, तेव्हा पुढं तिकडं फिरायला गेलात तर नदीत उतरायचा मोह नको.

त्या दिवशीचं राहिलं. आंबे गार व्हावेत म्हणून मी पिशवी पाण्यात सोडून उंबराच्या मुळीला बांधली होती. आमच्या भांडणात गाठ सुटली. झाडावर तयार झालेला आंबा पाण्यात बुडतो, कोवळा तेवढा तरंगतो. आमचे सगळे तयार. मी बुड्या मारून एकेक वर काढत होते आणि हे, नुकतेच तरंगायला शिकलेले, उताणे पडल्या पडल्या मोजत होते. दोन आंबे गुराख्याला दिले. मी म्हणते एकूण नऊ निघाले. हे शेजारी बसून आताही म्हणताहेत, अकरा.

तू पिशवीला दोन गाठी मार.