ॲप बनवताना सुरुवातीला स्क्रीनचं कागदावर स्केच काढण्यात वेळ का घालवायचा? थेट फिग्मात, म्हणजे स्क्रीन बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, डिझाइन केलं तर काय बिघडतं? आणि प्रोटोटाइप, म्हणजे वापरून बघता येईल असा कच्चा नमुना, कधी करायचा?

फिग्मात काही बिघडत नाही, बिघडतं ते बघणाऱ्याच्या डोक्यात. चकचकीत स्क्रीन दिसली की माणूस काम झालंय असं धरून चालतो आणि 'निळा जरा गडद करा' एवढंच बोलतो. ही स्क्रीन मुळात हवी का, हे कोणी विचारत नाही. बाल्समिक या स्क्रीनचे कच्चे आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघा मुद्दाम हाताने काढल्यासारख्या ठेवल्यात त्या याचसाठी.

आमच्या एका मॅनेजरांना हे कधीच पटलं नाही. 'क्लायंटला कागद दाखवायचे? आपण काय बालवाडी चालवतो?' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गोदामातल्या मालमोजणीचं ॲप होतं. त्यांच्या मनासारख्या स्क्रीन झाल्या, मीटिंगमध्ये वाहवाही झाली. मी त्याच स्क्रीन मार्करने कागदावर काढल्या, फोनच्या मापाच्या पुठ्ठ्यावर लावल्या आणि तिथे माल मोजणाऱ्या काकांच्या हातात दिल्या. म्हटलं, नेहमीसारखं मोजा, तुम्ही बोट लावाल तसा मी कागद बदलतो. काकांनी डाव्या हाताने खोका रॅकवरून अर्धा ओढून धरला, उजव्यात पुठ्ठा. 'आता आकडा टाकायला तिसरा हात कुठनं आणू?' झालं, आमचा देखणा कीपॅड तिथेच निकालात. अंगठा पोचेल अशा कोपऱ्यात अधिक-उण्याची दोन मोठी बटणं मी उभ्या उभ्या पेनाने काढली, पुढचा रॅक त्यांनी त्यावरच मोजला. मॅनेजरांनी नंतर ती बटणं स्वतःची कल्पना म्हणून मिरवली, ते असो.

पाम पायलट हा हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर १९९६ मध्ये आला. त्याआधी तो बनवणारा जेफ हॉकिन्स तेवढ्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन फिरायचा आणि मीटिंगमध्ये त्यावर लिहिल्याचं नाटक करायचा. त्यालाही बालवाडीतच घालायला हवं होतं बहुतेक.

प्रोटोटाइप कधी, तर नेमकं काय तपासायचंय ते एका वाक्यात सांगता आलं की लगेच. आणि स्केच एकच काढू नका, एकच असलं की त्याच्या प्रेमात पडायला होतं.

हां, ॲनिमेशन, स्क्रोलिंग असल्या गोष्टी कागदावर कळत नाहीत. डिझाइन सिस्टम, म्हणजे बटणं, रंग, रकाने यांचा ठरलेला संच, तयार असेल आणि फॉर्ममध्ये दोन रकानेच वाढवायचे असतील तर खुशाल थेट फिग्मा उघडा.

वरचे लोक अडून बसले तर परवानगी मागत बसू नका, कागद घेऊन सरळ वापरणाऱ्याकडे जा. विचारलंत की 'आधी नीट बनव, मग दाखव' हेच ऐकायला मिळणार.