आधी वाटणी, मग वाटण

प्रश्न : आम्ही घरात चौघे आहोत. दोन किलोंची अख्खी मांडी घेतली की दर थोडा कमी लागतो, म्हणून तीच आणतो. पण रविवारी सगळे एकदम शिजवतो आणि पुढे दोन-तीन दिवस तोच तांबडा रस्सा गरम करून खातो. मुले कंटाळतात. काय करावे? (इचलकरंजी)

उत्तर : तुमचे प्रमाण चुकलेले नाही, क्रम चुकला आहे. सगळ्या मटणाला एकदा कांदा-लसूण मसाला लागला की त्याचे दुसरे काहीही होत नाही, मग ते कितीही वेळा फोडणीला टाका. म्हणून वाटण घालण्याआधी वाटणी करावी, आणि तीही खाटकाच्या दुकानातच. ‘रस्श्याचे तुकडे करा’ एवढेच सांगितले तर तो नळीपासून गरापर्यंत सगळे एकाच मापात तोडून देतो आणि नंतर काही वेगळे करता येत नाही. त्याऐवजी नळ्या व सांध्याची हाडे मिळून सुमारे अर्धा किलो वेगळी, हाडासह तुकडे 700 ग्रॅम, बिनहाडाचे अर्धा किलो आणि कडेच्या कात्रणांचा 300 ग्रॅम खिमा अशा चार पिशव्या मागून घ्याव्यात. गिऱ्हाइकांची गर्दी नसेल तर खाटीक हे आनंदाने करतो. रविवारी सकाळी दहाला मागाल तर चेहऱ्यावरूनच उत्तर कळेल.

आता वारांचा हिशेब पाहू. अनेक घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार आणि पुष्कळदा मंगळवारही पाळला जातो. उरतात ते रविवार, बुधवार आणि शुक्रवार. रविवारी हाडे आणि बिनहाडाचे पाव किलो तुकडे आले-लसूण, कांदा व दोन लिटर पाणी घालून शिजवावेत. तुकडे मऊ होताच बाहेर काढावेत आणि हाडे आणखी अर्धा-पाऊण तास मंद आचेवर ठेवावीत. हे झाले अळणी. त्यात हळद घालू नये, म्हणजे पांढऱ्या रस्श्याचा रंग बिघडत नाही, आणि मीठही ज्या-त्या दिवशी ज्या-त्या पदार्थात घालावे. त्या दिवशी 700 ग्रॅमचे सुके मटण आणि निम्म्या अळणीचा पांढरा रस्सा होतो. उरलेले अळणी व शिजलेले तुकडे फ्रीजमध्ये ठेवून बुधवारी वापरावेत. ही तीन दिवसांची मर्यादा ओलांडू नये. खिमा मात्र रविवारीच फ्रीझरमध्ये जायला हवा, कारण कच्चा खिमा फ्रीजमध्ये एक-दोन दिवसच टिकतो. तो गुरुवारी रात्री खालच्या कप्प्यात उतरवला की शुक्रवारी मटार किंवा बटाटा घालून होतो. राहिलेले पाव किलो बिनहाडाचे तुकडेही फ्रीझरमध्येच ठेवून पुढच्या रविवारी पुलावात घालावेत.

प्रश्न : अळणी रस्सा फ्रीजमध्ये ठेवला, तर दुसऱ्या दिवशी खरवसासारखा घट्ट झाला आणि वर पांढरा थर आला. बिघडला असे समजून फेकून दिला. बरोबर केले ना? (पुणे)

उत्तर : नाही, आणि वाचून हळहळ वाटली. पातेले हलवले की थरथरणारा तो रस्सा उत्तम उतरला होता. हाडांच्या सांध्यांतील आणि शिरांमधील चिवट भाग बराच वेळ शिजून जिलेटिन होतो, तेच थंडीने गोठते आणि गरम करताच पुन्हा पातळ होते. वरचा पापुद्रा ही चरबी आहे. ती चमच्याने अखंड उचलता येते. थोडी फोडणीला वापरावी, तेल तेवढेच वाचते. रस्सा खरोखर बिघडला असेल तर आंबूस वास, बुडबुडे किंवा तार सुटणे हे सांगते. पण वासावर सगळे सोपवू नये, कारण अपाय करणाऱ्या जंतूंचा वास येईलच असे नाही. शिजवलेले मटण दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे, आणि मोठे पातेले लवकर निवत नसल्याने रस्सा दोन-तीन उथळ भांड्यांत ओतावा.

प्रश्न : पांढरा रस्सा पुन्हा गरम केला की फाटतो. (सातारा)

उत्तर : नारळाचे दूध खळखळून उकळले की फाटते. लागेल तेवढेच अळणी आधी चांगले उकळावे, मग आच कमी करून दूध आणि खसखस-तीळ-काजूचे वाटण घालावे. दूध घातलेला रस्सा उरवूच नये.

प्रश्न : पाव किलो मटणात सहा माणसांचे जेवण होईल असा, पण ‘पुरवठ्याला आले’ असे न वाटणारा पदार्थ सांगा. (नांदेड)

उत्तर : तुमच्याच मराठवाड्यातला दालचा! पाव किलो हरभऱ्याची डाळ भिजवून, हळद घालून मऊ शिजवावी आणि घोटावी. कांदा, आले-लसूण, तिखट यांच्या फोडणीवर मटणाचे लहान तुकडे परतून अळणीत शिजवावेत, मग दुधी भोपळ्याच्या जाड फोडी, डाळ आणि शेवटी चिंचेचा कोळ घालावा. कोळ आधी घातला तर दुधी कडकच राहतो. या पदार्थात डाळ ही भरती नव्हे, डाळीमुळेच त्याला दालचा म्हणतात. त्यामुळे ताटात तुकडे मोजण्याचा प्रश्न सहसा येत नाही. वर सांगितलेल्या वाटणीतला बुधवार मी यासाठीच राखतो. नळीही त्यातच टाकावी, मात्र ती कोणाच्या ताटात जाणार हे आधी ठरवून ठेवावे.

प्रश्न : फ्रीझरमधले मटण सकाळी ओट्यावर काढून ठेवते आणि संध्याकाळी करते. चालेल का? (ठाणे)

उत्तर : चालणार नाही. आतला गोळा बर्फासारखा असतानाच बाहेरचा थर कित्येक तास उबदार हवेत राहतो, आणि तेवढ्यात जंतू वाढतात. आदल्या रात्री फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, खोलगट ताटलीत ठेवावे, म्हणजे पाणी भाजीवर गळत नाही. विसरलात तर पिशवीची गाठ घट्ट बांधून गार पाण्यात बुडवावी, अर्ध्या-अर्ध्या तासाने पाणी बदलावे आणि सुटताच शिजवावे. गोठवतानाच पिशवी हाताने चपटी करून ठेवली तर पाव किलोला फार वेळ लागत नाही.