साखरेवर अ‍ॅपची मात्रा

प्रश्न : डॉक्टर, मी निवृत्त शिक्षिका, वय ६३. बरीच वर्षं मधुमेह आहे. मुलाने एका अ‍ॅपचं वर्षाचं पॅकेज घेऊन दिलंय. हे डिजिटल थेरप्युटिक्स म्हणजे औषधच, जगभर त्याचा बाजार वाढतोय, असं तो सांगतो. कंपनीची मुलगी फोनवर म्हणाली, तीन महिन्यांत गोळ्या सुटतील. विश्वास ठेवू का? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, गोळ्या आज रात्रीही घ्या. मग बाकीचं बोलू.

चिरंजीव अगदीच चुकीचं सांगत नाहीत. पावलं मोजणारं अ‍ॅप वेगळं आणि रुग्णांवर चाचण्या होऊन एखाद्या आजारासाठी सरकारी मंजुरी मिळालेलं अ‍ॅप वेगळं; डिजिटल थेरप्युटिक्स म्हणजे हे दुसरं. जर्मनीत २०२० पासून डॉक्टर अशी अ‍ॅप चिठ्ठीवर लिहून देतात आणि बिल आरोग्य विमा भरतो. त्यासाठीच्या सरकारी यादीत सर्वांत आधी आलेल्या अ‍ॅपपैकी एक कानात सतत आवाज येण्याच्या त्रासावरचं, दुसरं चिंताविकारावरचं. उपयोग सिद्ध करायला कंपनीला मुदत मिळते. जमलं नाही तर नाव कटतं.

बाजार वाढतो तो पैसे भरणारा कुणी असेल तर. अमेरिकेत पेअर थेरप्युटिक्सच्या व्यसनमुक्तीच्या अ‍ॅपला २०१७ मध्ये एफडीएची, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेची, मंजुरी मिळाली, २०२१ च्या डिसेंबरात कंपनी शेअर बाजारात उतरली आणि एप्रिल २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. डॉक्टर लिहून देत होते, विमा कंपन्यांनी मात्र हात आखडता घेतला. आपल्याकडे विम्याचा प्रश्नच सहसा येत नाही, पैसे घरातूनच जातात. म्हणून तर ती मुलगी थेट तुम्हाला फोन करते.

माझ्याकडचे एक काका दर महिन्याला मोबाइल पुढे करतात. सगळे आकडे हिरवे, उपाशीपोटी १०५, ११०. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, केली तर साखर चढलेलीच, ८.९! जेवणानंतरची साखर ते कधी तपासतच नव्हते, आणि अ‍ॅपनेही कधी विचारली नव्हती. साबुदाण्याची खिचडी 'एक वाटी' म्हणून नोंदवलेली. काकूंना विचारलं, तर ती वाटी म्हणजे आमटीचा वाडगा निघाला.

तरी पैसे भरलेच आहेत तर अ‍ॅप वापरा. जेवणाची नोंद, चालायची आठवण, आहारतज्ज्ञाशी बोलणं, याचा उपयोग होतो. फक्त कंपनीकडून दोन गोष्टी लेखी मागा. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून उपचारासाठीचं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत येतं. तेव्हा परवाना आहे का? आणि चाचणी कुणावर, किती जणांवर झाली? 'आमचे हजारो समाधानी ग्राहक' हे त्याचं उत्तर नव्हे.

एचबीएवनसी आता एकदा करा, तीन महिन्यांनी पुन्हा. दोन्ही कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा. गोळी कमी करायची की नाही, ते ठरवतील. आणि मध्येच घाम फुटला, हातपाय थरथरले, तर साखर फार उतरली असेल, मोबाइल शोधत बसू नका; आधी साखर खा, मग डॉक्टरांना फोन करा.